भक्ताचे निवाडे

इंग्लंडांतील एका फुटबॉल-संघाच्या चाहत्यानें लिहिलेल्या पुस्तकाचा परामर्श या मासिकांत घ्यावा, हें आमच्या कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे अशा वाचकांस त्याचें कारण विस्तारानें सांगावयास नको. शनिवारीं रात्रीं सगळें घर निजलें असतां हा मुलगा आवाज बंद करून लंडनचा किंवा मँचेस्टरचा सामना पाहत बसतो. रविवारीं सकाळीं त्याचें तोंड उतरलेलें दिसलें, तर तें परीक्षेच्या काळजीनें उतरलें आहे असें समजण्याची चूक आईबापांनीं करूं नये. चहा घेतां घेतां तो त्या संघाच्या मॅनेजरला अक्कल शिकवितो, मालकांना चोर ठरवितो, आणि ज्या खेळाडूंनीं त्याच्या जन्मापूर्वींच खेळ सोडला त्यांचे असे गोडवे गातो कीं, जणूं काय त्यांच्या मांडीला मांडी लावून तो बसलेला होता. ज्या गांवीं तो कधीं गेला नाहीं, जेथें त्याचें कोणी नाहीं, तेथील अकरा माणसांच्या यशापयशानें त्याच्या जिवाची अशी उलघाल कां व्हावी, याचा उलगडा त्याला स्वतःला करतां येत नाहीं. तो करून देण्याचा प्रामाणिक प्रयत्न निक हॉर्नबी या इंग्रज लेखकानें ‘फीव्हर पिच’ या पुस्तकांत केला आहे. पुस्तक १९९२ सालचें, म्हणजे नवें नव्हे. परंतु वरील वेड आपल्या घरांत शिरलें तें त्यानंतर, म्हणून त्याची ओळख आज करून देण्यास हरकत नसावी.

आम्हांला या पुस्तकाची गोडी लागली ती मात्र निराळ्या कारणानें. टीकेचा धंदा करणारांना एक जुना प्रश्न नेहमीं छळत असतो: ज्याच्यावर आपलें प्रेम आहे त्याचा न्याय आपणांस करतां येईल काय? शास्त्र सांगतें, न्यायाधीशानें तटस्थ असावें. परंतु तटस्थ मनुष्य पावसांत आणि थंडींत चोवीस वर्षें एकाच मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहत नाहीं. आणि जो तसा उभा राहिला नाहीं, त्याला त्या संघाचे मागले खेळाडू व मागले कारभारी यांच्याविषयीं बोलण्याचा अधिकार तरी कितपत पोंचतो? आपल्याकडे संगीत नाटकांच्या ऐन भरांत हाच प्रकार असे. ज्यांनीं भाऊराव कोल्हटकरांचें गाणें ऐकलें होतें त्यांच्यापुढें बालगंधर्वांची स्तुति करतांना नव्या पिढीला जपून बोलावें लागे. आणि कंपनी कां बुडाली, मालक कोठें चुकला, हें तर पिटांतल्या प्रत्येकाला मालकापेक्षां अधिक कळत असे. हॉर्नबी हा अशा पिटांतला प्रेक्षक आहे. फरक इतकाच कीं, त्याला उत्तम लिहितां येतें आणि स्वतःवर हंसतां येतें.

पुस्तकाची रचना साधी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका सामन्याचें नांव व तारीख घातलेली आहे, आणि त्या सामन्याच्या निमित्तानें लेखक आपल्या आयुष्याची त्या वेळची हकीकत सांगतो. आरंभींचा सामना १९६८ च्या सप्टेंबरांतला. लेखकाचें वय अकरा. आईबाप विभक्त झालेले. सुटीच्या दिवशीं बापानें मुलाला भेटावयाचें असें ठरलेलें, पण भेटल्यावर बोलावयाचें काय हें दोघांनाहि ठाऊक नाहीं. प्राणिसंग्रहालय पाहून झालें, खाणें-पिणें झालें. शेवटीं बाप त्याला उत्तर लंडनमधील हायबरीच्या मैदानावर आर्सेनल आणि स्टोक सिटी यांचा सामना पाहण्यास घेऊन गेला. खेळ रटाळच झाला. आर्सेनलला एक पेनल्टी मिळाली. टेरी नील यानें मारलेला चेंडू गॉर्डन बँक्स या नामांकित गोलरक्षकानें परतविला, तो पुनः नीलच्याच पायाशीं आला आणि त्यानें तो जाळ्यांत घातला. एक गोल विरुद्ध शून्य. एवढ्या भांडवलावर एका मुलाचा जन्म आर्सेनलला वाहिला गेला! तथापि मुलाच्या मनावर ठसा उमटला तो या गोलाचा नव्हे, भोंवतालच्या माणसांचा. पैसे मोजून आलेलीं हीं माणसें आनंदांत नव्हतींच. तीं चिडलेलीं होतीं, कुरकुरत होतीं, आपल्याच खेळाडूंना शिव्या मोजीत होतीं. करमणुकीला येऊन दुःख भोगणारा असा समाज त्यानें पूर्वीं पाहिला नव्हता. घर मोडलेल्या त्या पोराला आपलें दुःख ठेवावयास ही जागा सोयीची वाटली, इतकें लेखक स्पष्टपणें सांगत नाहीं. पण वाचकाला तें समजतें.

पुढें सहाच महिन्यांनीं वेंब्लेच्या विख्यात मैदानावर लीग कपचा अंतिम सामना झाला. प्रतिपक्ष स्विंडन टाउन, म्हणजे तिसऱ्या वर्गांतला संघ. मैदानाचा चिखल झालेला. बापलेक दोघेहि हजर होते, आणि त्यांच्या देखत आर्सेनलनें ३-१ असा मार खाल्ला. बापाला जें दुःख झालें तें संध्याकाळपर्यंत टिकलें असेल. मुलाचें दुःख पुस्तक लिहीपर्यंत टिकलेलें दिसतें. चाहता विजयानें जोडला जातो अशी सामान्य समजूत आहे, ती या प्रकरणानें खोटी ठरते. पराभवानें तो जो बांधला जातो, तो पुनः सुटत नाहीं.

आतां मागल्या खेळाडूंविषयींचे त्याचे निवाडे पाहूं. १९७०-७१ सालीं आर्सेनलनें लीग आणि एफ. ए. कप हीं दोन्हीं बक्षिसें एकाच वर्षीं मिळविलीं. अंतिम सामन्यांत लिव्हरपूलवर जादा वेळांत निर्णायक गोल मारणारा चार्ली जॉर्ज हा लांब केसांचा, बेफिकीर, त्याच भागांत वाढलेला पोरगा होता. मैदानाच्या पायऱ्यांवर उभा राहून आरोळ्या मारणाराच एक दिवस आंत उतरला, असा तो प्रकार होता. गोल मारल्यावर तो गवतावर उताणा पडून राहिला, आणि तें चित्र त्या पिढीच्या मनावर कायमचें कोरलें गेलें. हॉर्नबीला जॉर्ज आवडतो. पण तो कां आवडतो हें सांगतांना तो आपलें एक गुपित फोडतो. तो स्वतः उत्तर लंडनचा नव्हता. मेडनहेड नांवाच्या, लंडनपासून दूरच्या, नीटनेटक्या व कसलाहि इतिहास नसलेल्या वस्तींत तो वाढला. ज्याला आपलें गांव नाहीं त्यानें दुसऱ्याचें गांव चोरलें. आणि चार्ली जॉर्ज हा त्या चोरीच्या मालावरचा अस्सल शिक्का होता. आमच्या घरांतील त्या रात्र जागविणाऱ्या मुलाचें कोडें येथें बरेंचसें सुटतें, असें आम्हांस वाटतें. तोहि तेंच करीत आहे. त्याचें अंतर अधिक आहे इतकेंच.

लियम ब्रेडीविषयींचें प्रकरण याहून हळवें आहे. हा आयरिश खेळाडू १९७० नंतरच्या दशकांत आर्सेनलचा जीव होता. त्याच्या डाव्या पायांत जी नजाकत होती ती त्या काळच्या धसमुसळ्या इंग्रज खेळांत विरळा. १९७९ च्या अंतिम सामन्यांत मँचेस्टर युनायटेडनें शेवटच्या चार-पांच मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, तेव्हां थकलेल्या ब्रेडीनेंच चेंडू पुढें नेऊन विजयाच्या गोलाची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षीं आर्सेनलनें चार दिवसांच्या अंतरानें दोन अंतिम सामने गमावले. त्यांतील दुसरा, व्हॅलेन्सियाविरुद्धचा, पेनल्टींवर निकालांत निघाला. आणि पेनल्टी चुकलेल्या दोघांत एक ब्रेडी होता. तो त्याच उन्हाळ्यांत इटलींतील युव्हेंटस संघाकडे गेला. तो जाणार याची धास्ती हॉर्नबीनें कितीतरी आधींपासून बाळगली होती, आणि तो गेल्यावर संघावरचें आपलें प्रेम टिकेल कीं नाहीं याचीहि त्याला शंका होती. तें टिकलें. आवडता नट गेला तरी त्याच तिकिटघरापाशीं उभा राहणारा प्रेक्षक त्यानें येथें फार सुंदर रंगविला आहे.

परंतु येथें आमचा त्याच्याशीं थोडा मतभेद आहे. ब्रेडी हा बुद्धिमान खेळाडू होता व सामान्य प्रेक्षकांनाहि त्याची बुद्धि दिसत होती, यावर लेखक इतका भर देतो कीं, त्याच्या मनांत कांहीं शल्य असावें अशी शंका येते. केंब्रिजला शिकलेल्या माणसाला शनिवारच्या त्या आरडाओरडीची मनांतून लाज वाटूं लागली, म्हणजे तो तींत एखादा कलावंत शोधून काढतो आणि त्याच्या आडोशाला उभा राहतो. तमाशाला जाणारे आमच्याकडील विद्वानहि ‘लावणींतील काव्य’ ऐकावयास जात असत! ब्रेडी मोठा होता हें खरेंच. परंतु त्याच्या शेजारीं चिखल तुडविणाऱ्या, दांडग्या, नजाकत नसलेल्या गड्यांनीं जे सामने जिंकून दिले, त्यांना या पुस्तकांत त्या मानानें कमी जागा मिळाली आहे.

मॅनेजरविषयींचे निवाडे हा या पुस्तकाचा सर्वांत दुबळा भाग होय. इंग्लंडांत मॅनेजर म्हणजे नुसता शिकविणारा नव्हे. संघ निवडणारा, खेळाडू विकत घेणारा आणि विकणारा, व पराभव झाला कीं शिव्या खाणारा तो मनुष्य. १९७१ चें दुहेरी यश ज्याच्या कारकीर्दींत आलें तो बर्टी मी मुळांत खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारा गृहस्थ होता; १९६६ सालीं चालकांनीं त्याच्या हातीं संघ दिला तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं असतील. त्याच्यानंतर १९७६ सालीं आला तो टेरी नील. वाचकांस हें नांव आठवत असेल. अकरा वर्षांच्या मुलानें पाहिलेला तो पहिला गोल याच माणसाचा! आणखी मौज अशी कीं, मधल्या काळांत तो टॉटनहॅम या शेजारच्या हाडवैऱ्याचा मॅनेजर होता. त्याच्या कारकीर्दींत संघ १९७८, १९७९ व १९८० अशीं तीन वर्षें लागोपाठ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्याला पोंचला व एकदां जिंकला. तरी प्रेक्षकांचें त्याच्यावर प्रेम कधीं बसलें नाहीं. १९८३ च्या नोव्हेंबरांत वॉलसॉल या खालच्या वर्गांतील संघानें आर्सेनलला त्याच्या घरीं येऊन हरविलें, आणि पंधरा-वीस दिवसांतच नीलला नारळ मिळाला. (याच वॉलसॉलनें १९३३ सालीं हर्बर्ट चॅपमनच्या दिग्विजयी आर्सेनललाहि धूळ चारली होती, पण चॅपमनची खुर्ची हलली नाहीं. पूर्वपुण्याईचा प्रभाव दुसरा काय?)

आम्हांला वाटतें, नीलचें प्रकरण हें या लेखकाला मिळालेलें सोनें होतें. ज्यानें आपल्याला या वेडांत ढकललें त्यालाच आपण पुढें मैदानावरून हुसकून लावण्यास टाळ्या पिटल्या, या एका गोष्टींत भक्तीचा सगळा कृतघ्नपणा सांठलेला आहे. लेखकानें तो खोल खणला नाहीं. मॅनेजर हा त्याच्या लेखीं हवामानासारखा आहे: ऊन पडलें तर ठीक, पाऊस आला तर कुरकूर. १९८० सालीं क्लाइव्ह ॲलन नांवाचा तरुण गोलंदाजीचा—फुटबॉलच्या अर्थानें—पटाईत खेळाडू सव्वा कोटीच्या नव्हे, तर सव्वा दशलक्ष पौंडांच्या किंमतीला घेतला गेला, आणि लीगचा एकहि सामना न खेळतां सुमारे दोन महिन्यांत त्याच्या बदल्यांत दुसऱ्या संघाकडून केनी सॅन्सम हा बचावाचा गडी आणला गेला. सॅन्सम पुढें उत्तम निघाला. परंतु असला व्यवहार कोण ठरवितो, कोणाच्या हिशेबांत बसतो, चालक मंडळाच्या बंद खोलींत काय बोललें जातें, हें पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाहीं. त्याला गवत दिसतें. म्हणूनच चाहत्याचें खेळाडूंविषयींचें मत आम्ही कान देऊन ऐकतों, आणि कारभाराविषयींचें मत ऐकतांना थोडे सावध राहतों.

याचा पुरावा खुद्द काळानेंच दिला आहे. पुस्तक संपतें तेव्हां संघाची सूत्रें जॉर्ज ग्रॅहॅम याच्या हातीं होतीं. हा १९७१ च्या विजयी संघांतला खेळाडू. मैदानांत रमत-गमत चालण्याच्या लकबीमुळें सोबती त्याला ‘स्ट्रोलर’ म्हणत. मॅनेजर होतांच याच रंगेल गृहस्थानें अशी कडक शिस्त लावली कीं, आर्सेनलचा बचाव म्हणजे पोलादी भिंत अशी ख्याति झाली. १९८९ आणि १९९१ अशीं दोन वर्षें लीग जिंकली. हॉर्नबी त्याच्याविषयीं आदरानें लिहितो, आणि तें योग्यच होतें. परंतु १९९५ च्या फेब्रुवारींत खेळाडूंच्या खरेदींत एका दलालाकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणांत ग्रॅहॅमला काढून टाकण्यांत आलें, व पुढें फुटबॉल असोसिएशननें त्याच्यावर एका वर्षाची बंदी घातली. लेखकानें हें आधीं ओळखावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कोणीच ओळखलें नव्हतें. पण भिंत किती भक्कम आहे तेवढेंच प्रेक्षकांस दिसतें, विटांचा हिशेब दिसत नाहीं, हें त्यावरून ध्यानांत येईल.

एका ठिकाणीं मात्र कारभाराचा प्रश्न लेखकाला टाळतां आला नाहीं, आणि तेथें त्याची लेखणी गंभीर होते. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना चालू असतां कुंपणानें वेढलेल्या पायऱ्यांवर गर्दींत चेंगरून माणसें मेलीं. मृतांची संख्या आज ९७ धरली जाते. त्यांतील शेवटचा मनुष्य बत्तीस वर्षें यातना भोगून २०२१ सालीं वारला. दोष दारूबाज प्रेक्षकांचा, असा प्रवाद पहिल्या दिवसापासून उठविण्यांत आला होता. तो खोटा होता, व हे मृत्यु बेकायदा मनुष्यवधाचे होते, असा निर्णय व्हावयास २०१६ साल उजाडलें. हॉर्नबी त्या दिवशीं हायबरीवर आर्सेनलचा न्यूकॅसलशीं सामना पाहत होता. आपणहि अशाच पायऱ्यांवर, अशाच गर्दींत शेंकडों वेळां उभे राहिलों आणि केवळ नशिबानें घरीं परतलों, हें त्याला उमगलें. ज्या जुनाट मैदानांवर त्यानें प्रेम केलें तीं माणसें उभीं करण्यास योग्य नव्हतींच, आणि मालकांनीं पिढ्यानुपिढ्या तिकिटांचे पैसे घेऊन त्यांकडे डोळेझांक केली, हें तो निर्भीडपणें लिहितो.

येथपर्यंत कोणीहि शहाणा लेखक आला असता. हॉर्नबीचा खरा प्रामाणिकपणा पुढें आहे. त्या भयंकर दिवसानंतर सोळाव्या दिवशीं, १ मे रोजीं, आर्सेनलनें नॉरिचला ५-० असें लोळविलें. लख्ख ऊन पडलें होतें. आणि तो तेथें हजर होता व आनंदांत होता, हें तो लपवीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्या सामन्यानें त्याच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा आनंद दिला तो सामना हिल्सबरोमुळेंच पुढें ढकलला गेला होता. २६ मे १९८९ रोजीं लिव्हरपूलच्या मैदानावर वर्षाचा शेवटचा सामना झाला. लीग जिंकावयास आर्सेनलला तेथें दोन गोलांच्या फरकानें विजय हवा होता. ॲलन स्मिथनें एक गोल केला. ठरलेला वेळ संपला. आणि उरल्या-सुरल्या क्षणांत मायकेल थॉमसनें दुसरा केला. अठरा वर्षांनीं आर्सेनलनें लीग जिंकली. हॉर्नबीनें तो सामना घरीं बसून दूरचित्रवाणीवर पाहिला. जन्मभर पायऱ्यांवर उभा राहिलेला भक्त नेमक्या साक्षात्काराच्या घटकेला घरांत! शोक आणि उत्सव एकाच पंचांगांत असे लागून आलेले आम्हीं क्वचित् वाचले आहेत, आणि त्या दोहोंतील अवघडलेपणा लेखकानें झांकला नाहीं याबद्दल त्याचे आम्ही ऋणी आहों.

पुढच्या घडामोडी सर्वांना ठाऊक आहेत. उभें राहण्याच्या पायऱ्या गेल्या, खुर्च्या आल्या, तिकिटें चढलीं. ज्यांच्या गर्जनेवर मैदानाची कीर्ति उभी होती तेच बाहेर राहतील ही लेखकाची भीति बरीचशी खरी ठरली. २००६ सालीं हायबरी बंद झालें व तेथें राहण्याचीं घरें झालीं. आर्सेन वेंगर हा फ्रेंच गृहस्थ १९९६ पासून बावीस वर्षें मॅनेजर होता. २००३-०४ च्या हंगामांत त्याचा संघ लीगचा एकहि सामना हरला नाहीं. पण शेवटचीं कांहीं वर्षें त्यानें निघून जावें म्हणून त्याच प्रेक्षकांनीं फलक उंचावले. २०१८ मध्यें तो गेला, आणि २०२३ मध्यें मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. आमच्या घरचा मुलगा वेंगरचें नांव काढलें कीं हळवा होतो. तीन-चार वर्षांपूर्वींपर्यंत तो काय म्हणत असे याची आठवण आम्ही त्याला देत नाहीं.

या पुस्तकांतील जें प्रकरण आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटलें तें आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. तें कोणा महान् खेळाडूवर नाहीं; गस सीझर या अपयशी खेळाडूवर आहे. सीझर हा बचावाचा गडी. २४ एप्रिल १९८८ रोजीं ल्यूटन टाउनविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना चालू होता. आर्सेनल २-१ असें पुढें होतें. एक पेनल्टी नुकतीच वायां गेली होती. थोडीं मिनिटें उरलीं होतीं. अशा वेळीं आपल्याच गोलापुढें आलेला साधा चेंडू दूर मारावयास सीझरनें पाय उचलला, तो पाय हवेंत फिरला आणि सीझर खालीं आदळला. ल्यूटननें बरोबरी केली आणि शेवटच्या क्षणीं सामना जिंकला. त्या दिवसापासून सीझरचें नांव हें हायबरीवर थट्टेचा विषय होऊन बसलें. पुढें कांहीं वर्षांनीं संघानें त्याला सोडून दिलें.

हॉर्नबीनेंहि त्या दिवशीं इतरांप्रमाणेंच शिव्या दिल्या असतील. पण लिहावयास बसल्यावर तो थांबतो आणि एक हिशेब मांडतो. हा मुलगा आपल्या शाळेंत सर्वांत चांगला खेळत असला पाहिजे; नुसता चांगला नव्हे, तर त्या शाळेनें कित्येक वर्षांत पाहिला नसेल असा. मग भोंवतालच्या सगळ्या शाळांतल्या अशाच मुलांत तो उठून दिसला. त्या निवडक मुलांतून एका मोठ्या संघानें त्याला उचललें. त्या संघांतील उमेदवारांपैकीं बहुतेक गळाले, हा टिकला. पहिल्या संघांत आला. एकवीस वर्षांखालील इंग्लंडच्या संघांतूनहि खेळला. प्रत्येक पायरीवर त्याला ‘तूं फार चांगला आहेस’ असेंच सांगण्यांत आलें, आणि तें खरें होतें. इतकें सगळें झाल्यावर, हजारो मुलांना मागें टाकून तो ज्या शेवटच्या पायरीवर पोंचला, तेथें पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या डोळ्यांदेखत असें ठरलें कीं, तो पुरेसा चांगला नाहीं. थोडासा कमी. तो थोडासा किती, हें कोणी मोजूं शकत नाहीं. परंतु त्या थोडक्यानेंच सगळें गेलें. आणि सीझरला हें आधीं कळण्याचा कांहींच मार्ग नव्हता. लेखक तेव्हां स्वतःच्या लेखनाकडे पाहतो: आपणांसहि आजवर चार जणांनीं चांगलें म्हटलें आहे, आपली शेवटची पायरी कोठें आहे?

तटस्थ टीकाकारानें हें प्रकरण लिहिलें नसतें. त्यानें आकडे पाहून सीझरला दोन ओळींत निकालांत काढलें असतें, आणि आकड्यांच्या दृष्टीनें तो बरोबरहि ठरला असता. त्या एका चुकलेल्या लाथेनें ज्याचा दिवस, आठवडा, वर्ष नासलें त्यालाच या माणसाकडे इतका वेळ पाहत राहण्याचें कारण होतें. आमच्या मूळ प्रश्नाला या पुस्तकांत जें काय उत्तर असेल तें आम्हांला येथें सांपडलें. निवाडा बदललेला नाहीं. सीझर अपुरा होता हें लेखक शेवटपर्यंत मान्य करतो. फक्त तो निवाडा देतांना तो स्वतः पिंजऱ्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे याची त्याला खात्री राहिलेली नाहीं.

हें वाचीत असतां आमच्या मेजाच्या कोपऱ्यावर अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांचा ढीग होता. त्यांत सात काव्यसंग्रह होते. सातहि कवि आपापल्या गांवांत, आपापल्या शाळेंत, आपापल्या मित्रमंडळांत पहिले असणार. त्यांपैकीं पांचांवर प्रत्येकीं चार ओळींचा मजकूर लिहून आम्हीं तो छापखान्याकडे पाठविण्यासाठीं बांधून ठेविला होता. तो आम्हीं परत सोडला आहे. अभिप्राय फारसे बदलतील असें वाटत नाहीं. पण या महिन्यांत ते छापले जाणार नाहींत, आणि कविमंडळींनीं विलंबाबद्दल क्षमा करावी.